यादी बंद पडलेली नाही, वहिनी

शुभदा वहिनी,

तुझ्या तेरवीला आलेल्या एका बाईंनी पंगत उठल्यावर दादाला विचारलं, शुभदा दिवसभर कम्प्युटरवर बसून काय करत होती हो? दादा पाण्याचा जग घेऊन उभा होता. मग तो म्हणाला, लायब्ररीचं काम होतं तिचं. बाई म्हणाल्या, हो का, कोणत्या लायब्ररीत? आणि इतकी वर्षं तुझ्यासोबत एका खोलीत राहिलेला तुझा नवरा म्हणाला, घरूनच.

शेजारच्या दुसऱ्या बाईंनी आवाज खाली आणून खुलासा केला. मूलबाळ नव्हतं ना, कशात तरी जीव रमवायला लागतो.

मी दुसऱ्या पंगतीला वरण वाढत होते. पातेलं तिथंच खाली ठेवून आत गेले. तिथं थांबले असते तर काहीतरी बोलून बसले असते, आणि मग आईला कॉलनीत महिनाभर त्याचीच उत्तरं द्यावी लागली असती. आत तुझा फोटो होता, हार घातलेला. फोटोखाली पेपरात आलेल्या सूचनेचं कात्रण कोणीतरी चिकटवलं होतं. त्यात तुझं आडनाव पिंपलकर. ळ नाही, ल. सूचना दादानंच दिली होती, फोनवर. मी त्याला विचारलं, दुरुस्त का नाही करून घेतलं. तो म्हणाला, हिंदी पेपर आहे अर्चना, इथं असंच लिहितात, आता कोण बघते. वहिनी, तुझ्या मरणाच्या बातमीत तुझं नाव चुकलं होतं आणि घरात त्याचं वाईट वाटणारी मी एकटी होते. त्या दिवसापासून माझा राग उतरलेला नाही. रडू कमी येतं, रागच जास्त येतो. तो कोणाकोणाचा आहे ते आज तुलाच सांगते, कारण बाकी कोणाला सांगायला गेलं तर आधी तू काय करत होतीस इथपासून सुरुवात करावी लागते.

तुला आठवतं, सुरुवात या ळ पासूनच झाली होती. बाबा गेल्यावर आईची फॅमिली पेन्शन अडकली. बाबांच्या खात्यातले जुने कागद पूर्वीच्या टायपिंगच्या फॉन्टमध्ये होते, आणि ते नव्या फॉन्टमध्ये आणायचं काम कोणत्या तरी ठेकेदाराला दिलं होतं. त्या उलथापालथीत पिंपळकरचं पिंपकर झालं. मधलं अक्षरच गायब. आईच्या अर्जावर पिंपळकर, कागदावर पिंपकर, म्हणजे यांच्या हिशेबानं आई दुसऱ्याच माणसाची बायको. दादा ऑफिसाच्या खिडक्या-खिडक्यांवर फिरला. प्रत्येक ठिकाणी त्याला नवीन शपथपत्र आणायला सांगितलं. त्यानं तेही आणलं.

तू मात्र शपथपत्राच्या मागे लागली नाहीस. तेव्हा तू सकाळी कॉलेजात कम्प्युटर शिकवायचीस. वर्ध्याहून लग्न होऊन इकडे हिंदी मुलखात येऊन तुला फार दिवस झाले नव्हते, मी अजून तुला तुम्ही म्हणत होते. तू मला विचारलंस, अर्चू, हे अक्षर कोणी खाल्लं असेल? मी एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रामर, मला अंदाज होता. ठेकेदारानं स्वतः काहीच लिहिलं नसणार. कोणीतरी आयता कोड लिहून जगासाठी फुकट ठेवलेला असतो, त्याला आम्ही लायब्ररी म्हणतो. तीच उचलून जोडली असणार. तू ती शोधून काढलीस. लिहिणाऱ्यानं सगळी हिंदी अक्षरं मांडली होती, ळ त्याच्या तक्त्यातच नव्हता. तू त्याला त्या लायब्ररीच्या, सगळ्यांना दिसणाऱ्या पानावर कळवलंस. उत्तर नाही. पुन्हा कळवलंस. नाही. मग तू तसंच काम करणाऱ्या बाकीच्या लायब्रऱ्या एकेक करून चालवून बघितल्यास. एक ळ चा ल करायची, एक ‘दुसऱ्या’ या शब्दातला ऱ्य मोडून टाकायची, एक चांगली होती पण मोठी फाइल दिली की दमून बसायची. शेवटी एक सापडली. तू ठेकेदाराच्या ऑफिसात जाऊन बसलीस आणि त्यांच्याच मशीनवर ती चालवून दाखवलीस. आईची पेन्शन सुरू झाली. सासूच्या नावात अक्षर परत घालणारी सून. आईनं मात्र त्या दिवशी कौतुक केलं ते दादाचं, किती धावपळ केली पोट्ट्यानं म्हणून. मी बोलायला तोंड उघडलं तर तू डोळ्यांनीच गप्प केलंस.

त्याच आठवड्यात तू म्हणालीस, हे कुठं तरी लिहून ठेवावं लागते अर्चू. पुढच्याले पुन्हा एवढं चाळत बसावं लागू नये.

अशी ती यादी सुरू झाली. आपल्या लिप्यांवर काम करणाऱ्या ओपन सोर्स लायब्रऱ्यांची यादी, जगभरचे प्रोग्रामर कोड ठेवतात त्या साइटवर, कोणालाही बघता येईल अशी. असल्या याद्या तिथं पुष्कळ आहेत. बहुतेकांत जी दिसली ती घातलेली असते, लग्नाच्या आहेराच्या यादीसारखी. तू तसं केलं नाहीस. स्वतः चालवून बघितल्याशिवाय एकही नाव घेतलं नाहीस. प्रत्येक नावापुढे एक ओळ लिहिलीस, इंग्रजीत आणि खाली मराठीत, आणि त्या एका ओळीत ती लायब्ररी काय करते हे जितकं, तितकंच काय करत नाही हेही. मी म्हटलं, मराठीत कोण वाचणार? तू म्हणालीस, मी वाचीन. आईनं कॉलनीत सांगून टाकलं की सूनबाई आता लायब्ररीत लागली. दादाला तेच माहीत होतं आणि त्यानं तेच शेवटपर्यंत धरून ठेवलं.

माझंही आधी हसूच निघालं होतं. मग एकदा ऑफिसात आमचं काम अडलं, पत्त्यांतलं गाव, गल्ली वेगळी काढणारं काहीतरी हवं होतं. माझा एक सहकारी शोधून कंटाळला आणि एक पान उघडून म्हणाला, ही लिस्ट बघ, कोणीतरी सनकी माणूस आहे पण खरं लिहितो. पान तुझं होतं. मी त्याला सांगितलं की तो सनकी माणूस माझी वहिनी आहे आणि आत्ता घरी भेंडी चिरत असेल. त्याला पटलं नाही. त्या संध्याकाळी मी तुला पहिल्यांदा तू म्हटलं. तुझ्या लक्षात आलं होतं का, मला माहीत नाही. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही.

आता सदर बाजाराचं. ते मी विसरणार नाही. तिथं एका सराफाच्या दुकानावर कम्प्युटर शिकवणारी एक संस्था होती. त्यांनी तुझी अख्खी यादी उचलून आपल्या साइटवर लावली, वर स्वतःचं नाव. मी भडकले. तुला ओढतच घेऊन गेले. तो अरुंद जिना, खालून स्कूटरींचे हॉर्न, वर एसीत बसलेला तो माणूस. त्यानं आपल्याला बसवलं, चहा मागवला आणि म्हणाला, मॅडम, ये तो फ्री है ना. मी काही बोलायच्या आत तू म्हणालीस, हाँ, फ्री है, रखिए, नाम की भी बात नहीं है.

नावासाठीच तर आलो होतो आपण.

तुझं म्हणणं दुसरंच होतं. त्यानं यादी लांब दिसावी म्हणून तू काढून टाकलेल्या लायब्रऱ्या पुन्हा आत घातल्या होत्या. त्यात ती ळ गिळणारीसुद्धा. तू लॅपटॉप उघडून तिथंच ती चालवलीस, आपलं आडनाव टाइप केलंस, त्याला पडदा दाखवलास. तो हसला. "इधर ळ लिखता कौन है, मॅडम?"

"मैं लिखती हूँ," तू म्हणालीस.

एवढंच. आवाजसुद्धा चढला नाही. त्यानं बघतो म्हटलं, आणि अर्थातच काही बघितलं नाही. खाली आल्यावर मी रस्त्यात उभी राहून तुझ्याशी भांडले. तुझं काम, तुझी वर्षं, आणि नाव त्या माणसाचं. तुझा चेहरा लाल झाला होता, पण त्या गोष्टीसाठी नाही. तू म्हणालीस, माझं नाव नसलं तर माझं काय अडते? त्याच्या यादीतून ती लायब्ररी कोणी घेतली तर कोण्या बाईची पेन्शन अडते. तुला काय मोठं वाटते, सांग. मला त्या वेळी उत्तर आलं नाही, पण आता येतं. दोन्ही मोठं वाटतं, वहिनी. काम करणाऱ्या बाईचं नाव पुसलं की पुढे तेरवीच्या दिवशी लोक विचारतात, ती दिवसभर काय करत होती. तू नावाकडे लक्ष दिलं नाहीस म्हणून त्या बायांना ते विचारता आलं. हे मी तुला तोंडावर बोलायला हवं होतं आणि तू मला तोंडावर खोडायला हवं होतंस.

आणि आपलं खरं भांडण तर राहिलंच. माझ्या लायब्ररीचं.

मी ती मन लावून लिहिली होती. मराठी शब्दांचा क्रम लावणारी. कम्प्युटर क्ष ला क च्या पोटात नेऊन ठेवतो आणि ज्ञ ला ज च्या. आपण शाळेत शिकलो तसा त्यांना शेवटी बसवणारा कोड मला दिसला नाही, म्हणून मी लिहिला. छोटा, नेटका, एकही चूक नसलेला. तू सगळ्या परीक्षा घेतल्यास. सगळ्यांत पास. आणि तरी यादीत घेतलं नाहीस. का, तर तुझा दुसरा नियम. लिहिणारा विचारलेल्याला उत्तर देत नसेल तर त्याचं नाव यादीत नाही. तू त्या लायब्ररीच्या पानावर प्रश्न टाकला होतास, आणि त्याला वर्षभर उत्तर नव्हतं.

मी स्वयंपाकघरात तुझ्यासमोर उभी होते. म्हटलं, वहिनी, प्रश्न तूच विचारला, मी याच घरात राहते, मले इथं विचारता आलं असतं.

तू पोळी लाटता लाटता म्हणालीस, "इथं विचारलेलं दुसऱ्याले दिसत नाही, अर्चू."

मी वाद घातला की वर्णमाला काय रोज बदलते? क नंतर ख च येणार, माझ्या मरणानंतरही. जी गोष्ट पूर्ण झाली तिला रोज कशाला खायला घालायचं? तू म्हणालीस, अक्षरं बदलत नाहीत, पण ती ज्याच्यावर चालतात ते बदलते, आणि बदललं की लोक दार वाजवतात. मी म्हटलं, वाजवू दे. तू म्हणालीस, मग माझ्या यादीत नको. घरच्या माणसाला इतक्या सरळ शब्दांत नाही म्हणणारी तू. मी रुसून दोन-तीन दिवस डबा नेला नाही, बाहेर खाल्लं. नंतर तू मला यादीत बदल करायची परवानगी देऊन टाकलीस, माझ्या हाती किल्ल्या दिल्यास म्हण, आणि लायब्ररी तरीही बाहेर. तुझं बरोबर होतं असं मी अजून मानत नाही. हे लिहिताना वाटलं होतं की आता मानावंसं वाटेल. नाही वाटत.

मग तुझं ते रक्ताचं दुखणं. कॉलेज सुटलं, यादी सुटली नाही. दवाखान्यात पहिले काही आठवडे तू लॅपटॉप पोटावर ठेवून, आपल्या लायब्रऱ्या यादीसाठी पाठवणाऱ्या लोकांना उत्तरं लिहायचीस, सलाइनचा हात जपून. कोणाचं काम परत पाठवताना तू नुसता नकार कधीच दिला नाहीस. कुठं अडतं, काय केलं तर सुटेल, कोणता शब्द टाकून बघा, सगळं समजावून लिहायचीस. मग बोटं थरथरायला लागली. मग लॅपटॉप मीच घरी आणला. लोकांची कामं साचत गेली. मी काही बघितली, पण माझा दिवस ऑफिस आणि दवाखान्यात जायचा.

तेव्हा त्यानं ते लिहिलं. त्याचं नाव मी इथं घेत नाही, तूही घेतलं नसतंस. त्यानं आपली लायब्ररी यादीसाठी पाठवली होती आणि बरेच दिवस त्याला उत्तर मिळालं नव्हतं. त्यानं सगळ्यांना दिसेल असं लिहिलं की जो उत्तर देत नाही त्याला काढून टाकावं हा या यादीचाच नियम आहे, मग आता या नियमानं ही यादीच काढून टाकायची का? शेवटी एक हसरा चेहरा. खाली कितीतरी लोकांनी अंगठे वर केले होते. तुझ्या यादीवर वर्षानुवर्षं पोट भरलेले लोक.

मी ते तुझ्या खोलीबाहेर उभी राहून वाचलं. आत आल्यावर माझा चेहरा बघून तू हात पुढे केलास. मी फोन देत नव्हते, तू घेतलास. वाचायला तुला वेळ लागला. मग म्हणालीस, "बरोबर बोलून राहिला तो."

मी म्हटलं, काय बरोबर, माणूस इथं मरून राहिला आणि तो हसून राहिला. माझ्या तोंडून तो शब्द निघून गेला. तुला तो शब्द आमच्यापैकी कोणी पहिल्यांदाच ऐकवला होता. तू तिकडे दुर्लक्ष केलंस. म्हणालीस, त्याले कसं माहीत असणार? सांगितलं कोणी त्याले? लिही, बाई आजारी आहे, थोडं थांबा. मी म्हटलं, तुझं आजारपण त्याला काहून सांगू? कोण लागतो तो आपला? तू डोळे मिटून घेतलेस. "दार वाजवणारा लागतो, अर्चू."

मी लिहिलं. एकच शब्द लिहिला, थांबा. तो तुला दाखवला नाही, तूही मग विचारलं नाहीस. त्यानंतर तू माझ्याशी बोललीस ते पाणी दे, आई जेवली का, पडदा ओढ, असलंच. आपलं शेवटचं खरं बोलणं त्या परक्या माणसावरून झालं. याचा राग मी कुठं ठेवू?

तू गेल्याचं यादीच्या पानावर मीच लिहिलं. आणि मग बघ काय झालं. नेपाळहून, केरळहून, कुठून कुठून लोक आले. कोणी लिहिलं, या यादीमुळे माझ्या गावच्या शाळेचं पुस्तक नीट छापलं गेलं. कोणी लिहिलं, यांनी माझं काम तीनदा परत पाठवलं आणि तिसऱ्यांदा मला शिकता आलं. एका बाईनं लिहिलं की माझा पहिला कोड यांनी वाचला, त्याआधी तो कोणीच वाचला नव्हता. हात जोडलेली चित्रं, फुलं, दिवे. मी वाचत होते आणि दातओठ खात होते. इतकी वर्षं यातल्या एकालाही एक ओळ लिहावीशी वाटली नाही. तू रोज पान उघडून बघायचीस, तेव्हा तिथं फक्त मागण्या असायच्या. हे का नाही, ते कधी. आज सगळ्यांना शब्द फुटले. पण खोटं कशाला बोलू, ते सगळं मी आईला वाचून दाखवलं. हिंदीत असलेलं हिंदीत, इंग्रजीतलं मराठी करून. आई ऐकत राहिली. मग म्हणाली, माझ्या पेन्शनीचं लिहिलं काय कोणी? मी म्हटलं, ते आपल्याला लिहावं लागते. आई म्हणाली, मग लिही. मी लिहिलं. आईनं तुझ्या कौतुकाला इतकी वर्षं लावली, पण शेवटी ते पानावर लिहायला लावलं तिनंच.

दादाशी मी तेरवीच्या दुसऱ्याच दिवशी भांडले. म्हटलं, तुले येवढं सांगता नाही आलं? तो म्हणाला, मले कोणी समजावलंच नाही. मी विचारलं, तू विचारलं काय कधी? तो उठून गच्चीवर गेला. मला दया आली नाही.

एका रविवारी दुपारी तो आपणहून आला, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, दाखव, काय करत होती ती. मी सुरुवातीपासून दाखवलं. मग तू लोकांना लिहिलेली ती समजावणारी उत्तरं उघडली. तो ओठ हलवत सावकाश वाचत होता. बराच वेळ वाचल्यावर म्हणाला, "येवढं समजावून ती मले कधी नाही बोलली."

मी म्हटलं, "तू तिच्याकडे काही घेऊन गेला होता काय?"

कठोर बोलले, माहीत आहे. बोलले ते बोलले. तो वाचत राहिला, उठून गेला नाही.

हसरा चेहरा टाकणाऱ्या त्या माणसाची माफीही आली होती. लांबलचक, बऱ्याच वेळा वाचून लिहिलेली वाटावी अशी. मला माहीत नव्हतं, फार लाज वाटते, वगैरे. मी उत्तर दिलं नाही. आणि माफीच्या शेवटी त्यानं लिहिलं होतं, सवडीनं माझ्या लायब्ररीकडेही बघता आलं तर बघा. वहिनी, माझे कान तापले. ठरवलं की हिला हातही लावायचा नाही. ती तशीच पडून राहिली, वर दुसरी कामं येत गेली, मी ती करत गेले. पण पान उघडलं की तीच पहिली दिसायची, सगळ्यात जुनी, सगळ्यात वर. तू असतीस तर केव्हाच बघून झाली असती. शेवटी एका दुपारी, चुका काढायच्याच या इराद्यानं, मी ती चालवली. तुझे सगळे अवघड शब्द घातले. जोडाक्षरं, ऱ्य, अर्धे र, सगळं. मोठी फाइल दिली. आणखी मोठी दिली. अडली नाही. मी माझ्या मनानं काही वाकडेतिकडे शब्द बनवले, तेही तिनं सरळ केले. त्याच्या पानावर लोकांनी विचारलेल्या एकूण एक प्रश्नाला त्यानं उत्तर दिलेलं होतं.

चांगली होती, वहिनी. याचाच जास्त राग आला. वाईट निघाली असती तर किती सोपं झालं असतं.

मी यादीत तिचं नाव घातलं आणि ओळ लिहायला बसले. तुझ्यासारखी ओळ मला येत नाही. काय येतं ते लिहून झालं, काय येत नाही ते शोधण्यात दुपार गेली. दादा मागे उभा होता, केव्हा आला कळलं नाही.

"हा तोच ना? यादी काढून टाका म्हणणारा?"

"हव, तोच."

"अन् तू त्याचं घालून राहिली?"

मी म्हटलं, त्याचं चालते दादा, चांगलं चालते. दादाचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, शपथपत्रांच्या त्या खिडक्यांवरही नाही. त्या दिवशी चढला. शुभदा तिथं श्वास मोजून राहिली होती अन् हा हसून राहिला होता, अन् चालते म्हणून तू त्याला बक्षीस देते? तिची यादी आहे ती, कोणाच्या बापाची नाही. मले नाही पटत. मी त्याला समजावलं की ही यादी माणसांची नाही, कामांची आहे, माणूस कसा आहे ते आपण लिहीत नाही. बोलताना माझ्या लक्षात आलं की मी तुझी बाजू मांडते आहे आणि तो माझी. तो ऐकायला तयार नव्हता. दार आपटून गेला.

काही दिवस तो माझ्याशी बोलला नाही. जेवायला बसला की ताटात बघायचा. आईनं विचारलं, काय झालं तुम्हा दोघांत? मी सांगितलं, वहिनीच्या कामावरून भांडण झालं. आईचा विश्वास बसला नाही. या घरात तुझ्या कामावरून पहिल्यांदाच भांडण झालं होतं, आणि ते बघायला तू नव्हतीस.

काल संध्याकाळी मी चहा घेऊन तुझ्या टेबलाशी बसले होते. तो दारात येऊन थांबला. अजून घुश्शातच होता. म्हणाला, अजून कोणाचं आलं काय? मी म्हटलं, दोन आली आहेत, एक आसामहून. दाखव, म्हणाला, आणि उभा राहून पडद्याकडे बघायला लागला. जोडाक्षराला काय झालं की चूक धरायची, ते त्यानं विचारलं. मी सांगितलं. कळलं नाही म्हणाला, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं.

इतकी वर्षं कुठं होता हा माणूस, वहिनी? तू इथं याच टेबलाशी बसलेली असायचीस, आणि तो पलीकडच्या खोलीत टीव्ही बघत असायचा. मला त्याचा इतका राग आला की क्षणभर त्याला हाकलून द्यावंसं वाटलं.

मग मी थोडी सरकले आणि त्याला खुर्ची दिली.